कात्रीखाली गेलेला शेरा

सोमवार, ११ डिसेंबर २०२३. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. रक्कम रुपये तीनशे. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी, आणि टेबलापलीकडे चाचा.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. त्या तीनशे रुपयांत मला काय काय ऐकून घ्यावं लागलं, त्याला वहीत रकाना नव्हता. तो आता पाडतो.

चाचा म्हणजे औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, सायकलींच्या दुकानावर, दोन खोल्यांत रक्त तपासणारे गृहस्थ. मूळचे सिल्लोडचे. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात तंत्रज्ञ होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी ही लॅब काढली. रिपोर्टवर सही करायला संध्याकाळी एक डॉक्टरीणबाई येत. दिवसभर मात्र चाचांचंच राज्य. त्यांचं नाव पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. गेल्या वर्षी त्यांनी लॅब बंद केली आणि ते मुलाकडे हैदराबादला गेले. लॅबच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्यांच्याकडे पेशी मोजायचं यंत्र होतं, पण त्या यंत्राला ते ‘मुनीम’ म्हणत. “मुनीम मोजतो, मी बघतो,” असं त्यांचं विभागणीचं सूत्र. यंत्रानं सतरा आकडे छापून दिले तरी चाचा रिपोर्ट हातात देत नसत. आधी काचपट्टीवर रक्ताचा थेंब, मग दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो एका दमात पुढे ओढायचा. त्या वेळी ते श्वास रोखत, आणि खोलीतल्या सगळ्यांनी रोखावा अशी त्यांची अपेक्षा असे. रक्ताचा थर शेवटी जिभेच्या टोकासारखा पातळ व्हायला हवा. त्याला ते शेपूट म्हणत. शेपूट बिघडलं की पट्टी टोपलीत. “शेपूट बेकार असलं तर जनावर ओळखू येत नाय,” असं म्हणून ते दुसरा थेंब घेत. माझ्यादेखत त्यांनी एकदा एकाच माणसाच्या पाच पट्ट्या टोपलीत टाकल्या, आणि तो माणूस आपलं रक्त वाया चाललंय म्हणून रडकुंडीला आला.

सूक्ष्मदर्शक एका डोळ्याचा. मुलानं दोन डोळ्यांनी बघायचा नवा आणून दिला होता, तो प्लास्टिकच्या पिशवीत झाकलेला असे. का वापरत नाही विचारलं, तर म्हणाले, “दोन डोळ्यांनी पायलं की दोन मतं होतात.” सर्दी झाली, डोळ्याला पाणी आलं, की दारावर पुठ्ठा लटके: ‘आज डोळा नाही.’ त्या दिवशी रिपोर्ट मिळत नसे. मुनीम चालू असला तरी नाही. लोक चिडत, शेजारच्या चकचकीत लॅबमध्ये जात, आणि पुढच्या वेळी परत येत.

पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार मोजायला त्यांच्याकडे पाच बटणांचं एक जुनं लोखंडी यंत्र होतं. प्रत्येक प्रकाराला एक बटण. शंभर भरले की घंटी वाजते. हे यंत्र ते जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसलेल्या लोकांवर चालवत. घाबरलेले, घाई असलेले, बोलणारे, झोपलेले, आणि ‘उपाशीपोटी आलोय’ असं खोटं सांगणारे. अशी पाच बटणं. मी एकदा गमतीनं विचारलं, “चाचा, मी कोणतं बटण?”

“तुमच्यासाठी बटण नाय, हिसाबवाले साहेब. तुम्ही मोजणाऱ्यांतले. मोजणाऱ्याला कोण मोजणार?”

हे मी तेव्हा कौतुक समजून घरी सांगितलं होतं.

मी वाळूजला सुट्या भागांच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. सव्वीस वर्षं झाली. माझ्या ताळेबंदात आजवर एक रुपयाचा फरक निघाला नाही, हे मी आजवर जितक्या लोकांना सांगितलंय, त्यांची नोंद मात्र मी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती.

चाचांची दुसरी सवय म्हणजे ते रोगाचं नाव कधीच घेत नसत. “मला आकार दिसतात. नाव डॉक्टर सांगतील.” आकार मात्र असे सांगत की ऐकणाऱ्याला भूक लागावी. नीट तांबडी पेशी म्हणजे मेदूवडा, ज्याला मधे भोक पाडायचं राहून गेलंय आणि नुसता अंगठ्याचा दाब उरलाय. लोह कमी पडलं की ती होते बांगडी, म्हणजे कडेला रंग आणि मधे फिकं. काही भरीव गोटीसारख्या, त्यांना मधला दाबच नसतो. काही विळ्यासारख्या वाकलेल्या. काही फुटक्या कपाच्या टवक्यांसारख्या. टवके दिसले की ते लगेच फोन उचलून डॉक्टरांना कळवत. तेवढ्यापुरतं त्यांना बोलणं मान्य होतं.

सिल्लोडचे एक कापसाचे व्यापारी होते, दोन अंगठ्या आणि मोठी गाडीवाले. थकवा येतो, पायाला मुंग्या येतात म्हणून हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. शेवटी चाचांकडे आले. चाचा डोळा लावून पाऊण तास बसले. शेठ उठून टेबलाशी आले.

“चाचा, बोलो ना, क्या है? कॅन्सर तो नै?”

“मेरे को आकार दिखते शेठ, बीमारी नै दिखती.”

“तो आकार बोलो!”

“बडे है. लंबे है, आलू के सरीखे. और गिनती में कम है. ये कागद डॉक्टर को दिखाव, और वो पूछे तो खाने-पीने का सच बताव.”

डॉक्टरांनी ब-बाराची इंजेक्शनं दिली. दोन महिन्यांनी शेठ ताठ चालत जिना चढून आले, दोन किलो पेढे घेऊन. चाचा आतल्या खोलीत होते. तेवढ्यात शेठनी आनंदाच्या भरात बाकावरच्या सगळ्यांना पेढे वाटले. चाचा बाहेर आले, लोकांची तोंडं हलताना पाहिली, आणि साखरेच्या तपासणीला उपाशीपोटी आलेल्या सात जणांना ‘उद्या या’ म्हणून घरी पाठवलं. शेठना म्हणाले, “बराबर सात. अब ये सात कल फिर भूखे आएंगे, तुम्हारे नाम से.”

आता माझ्या बाजूकडे येतो.

मुलगी कॉलेजात असताना रक्तदान शिबिरात तिला परत पाठवलं. हिमोग्लोबिन दहा पॉइंट चार. त्या दिवसापासून मी तिच्या रक्ताची जबाबदारी घेतली. म्हणजे एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घेतली, तारीख, हिमोग्लोबिन, फरक, शेरा असे रकाने पाडले आणि प्रत्येक रिपोर्ट शेजारी चिकटवायचं ठरवलं. अडचण एकच होती. वहीचं पान रिपोर्टपेक्षा सात सेंटिमीटर लहान. मी पट्टी लावून, पेन्सिलीची रेघ मारून, कात्रीनं रिपोर्टचा खालचा भाग कापत असे. वरचं सगळं छापील आकड्यांचं. खाली काहीतरी निळ्या शाईत खरडलेलं. आकडा नाही, म्हणजे कामाचं नाही. आमच्या कारखान्यातही आवक पावतीवर गेटवाला काहीबाही खरडतो, ते आम्ही लेख्यात घेत नाही.

साडेतीन वर्षांत असे चार रिपोर्ट चिकटवले. दहा पॉइंट चार, दहा पॉइंट एक, दहा पॉइंट सहा, दहा पॉइंट तीन. डॉक्टरांकडे मी एकटा जात असे, वही घेऊन. मुलीला कॉलेज बुडवून कशाला न्यायचं? आकडे तर माझ्याकडेच होते. डॉक्टरांच्या दारात गर्दी, ते वहीतल्या रेघेवर बोट फिरवत आणि म्हणत, “लोह चालू ठेवा.” मी चालू ठेवत असे. गोळ्यांचाही रकाना होता.

घरात मी काय केलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. लोखंडी कढई आणली. बीट, गूळ, खजूर यांचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. मुलीला गोळ्यांनी मळमळ व्हायची, पोट दुखायचं, त्यावर मी म्हणायचो की औषध म्हटल्यावर एवढं चालायचंच. आणि दर वेळी आकडा जागचा हलला नाही की बायकोकडे वळायचो. तिचं माहेर देवगाव रंगारी. “तुमच्या देवगावच्या लोकांचं रक्तच पातळ. तुझी आई बघ, तुझी मावशी बघ.” बायको पोळ्या लाटता लाटता ऐकून घ्यायची. साडेतीन वर्षं.

२०२३च्या दिवाळीत मुलीचं लग्न ठरलं. मुलगा फुलंब्रीचा, शेतीवाल्या घरातला, रोज शहरात नोकरीला येणारा. लग्न फेब्रुवारीत. मला वाटलं, सासरी जाण्याआधी आकडा बारावर न्यावा. कुणीतरी सांगितलं की लोह शिरेतून दिलं की झटकन वाढतं. म्हणून पाचवी तपासणी करायला त्या सोमवारी आम्ही तिघं चाचांकडे गेलो. मुलगी चाचांसमोर पहिल्यांदाच आली होती. आधी चारही वेळा रक्त घ्यायला माणूस घरी येई आणि रिपोर्ट मी कामावरून येताना उचलत असे, चाचा पाठमोरे डोळा लावून बसलेले असताना.

चाचांनी पट्टी ओढली, वाळवली, रंगवली, डोळा लावला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आधीचे कागद?”

मी वही पुढे केली. खरं सांगतो, अभिमानानं केली. रेघा, तारखा, लाल शाईतला फरक. चाचांनी पहिलं पान बघितलं. दुसरं. चिकटवलेल्या कागदाच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. कात्रीची कड, सरळ.

“साहेब, खालचा कागद कुठं गेला?”

“कापला.”

“कापला?”

“पानात बसत नव्हता.”

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठून कपाटातून दुबार पुस्तक काढलं. ते प्रत्येक शेऱ्याखाली कार्बन ठेवत, हे मला त्या दिवशी कळलं. पान शोधलं आणि मोठ्यानं वाचू लागले. बाकावर सहा माणसं होती. मी मोजली, कारण दुसरीकडे कुठं बघावं ते कळत नव्हतं.

“पहिल्या वक्ताला: पेशी लहान, फिक्या, पुष्कळांत मधे टिकली. संख्या जास्त. लोह देण्याआधी हिमोग्लोबिनचे प्रकार तपासावे.” पान उलटलं. “दुसऱ्या वक्ताला: मागचा शेरा पाहावा. प्रकार तपासावे.” पान उलटलं. “तिसऱ्या वक्ताला: तेच. तपासले का?” आणखी एक पान. “चवथ्या वक्ताला.” इथं ते थांबले. मग वाचलं, “कृपया कुणी वाचत असल्यास कळवावे.”

बाकावरचा एक माणूस हसला आणि लगेच गप्प झाला.

बायकोनं वही माझ्या हातातून काढून घेतली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा तिनं ती हातात घेतली होती. “याच्यात मी कुठंय हो?” असं म्हणत तिनं शेऱ्याचा रकाना शोधला. तिथं माझ्या अक्षरात चार वेळा लिहिलं होतं: ‘आहारात हलगर्जी.’

“म्हणजे झालंय काय मला?” मुलीनं विचारलं.

“नाव मी सांगत नाय बेटा. आकार सांगतो. बस.” चाचांनी तिला स्टूल दिलं, मला नाही. “घरी पीठ कमी असलं तर पोळ्या कशा होतात? लहान होतात, अन् कमी होतात. तुझ्या बापानं पीठ कमी हाय म्हणून साडेतीन वर्षं पीठ आणून टाकलं. पर हे बघ, मुनीमनं काय छापलंय. हिमोग्लोबिन दहा, व्हय, कमी हाय. अन् तांबड्या पेशी? छप्पन्न लाख. भरपूर! पोळ्या लई झाल्यात, फकस्त सगळ्या लहान. मंग पीठ कुठं कमी हाय? लाटणाऱ्याची रीतच तशी हाय. जल्मापासून.”

छप्पन्न लाख. तो आकडा माझ्याही वहीत होता. चारही कागदांवर, हिमोग्लोबिनच्या बरोबर खालच्या ओळीत, छापील. पंचावन्न, छप्पन्न, छप्पन्न, पंचावन्न. मी त्याच्यावरून चार वेळा डिंक फिरवला होता. शेरा निळ्या शाईत होता म्हणून वाचला नाही, असं एक वेळ म्हणता येईल. पण मी आकड्यांचा माणूस, सतरांतला एकच आकडा उतरवून घेत होतो, आणि त्याला हिशेब म्हणत होतो.

“अन् टिकल्या?” मुलगी विचारत होती.

“बांगडीत टिकली असती, तशा. त्या कावीळवाल्यांतबी दिसतात, दुसऱ्यातबी दिसतात. म्हणून तर म्हटलं, प्रकार तपासा. आज पाठवतो. लोहाचा साठाबी बघू. शिरेतून काय घ्यायचं नाय तोवर.” मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता बटण दाबतील. पण ते म्हणाले, “चूक माझीबी हाय, साहेब. मी लिहीत बसलो. तोंडी सांगितलेलं घरी जाईस्तोवर बदलतं म्हणून मी तोंडी सांगत नसतो. पर चार वेळा कुणी जबाब देत नाय, तर खुर्चीवरून उठून ओरडायला पायजे होतं.”

त्या आठवड्यापासून त्यांच्या रिपोर्टवर शेरा सगळ्यात वर येऊ लागला. माझ्यामुळे शहरातल्या वैद्यकशास्त्रात झालेली ही एकमेव सुधारणा.

चार दिवसांनी मुलीचा निकाल आला. लोहाचा साठा व्यवस्थित. ए-टू नावाचा हिमोग्लोबिनचा प्रकार वाढलेला. डॉक्टरांनी नाव सांगितलं: थॅलेसेमिया मायनर. आजार नाही, औषध नाही, नुसती वाहक आहे. आयुष्यभर दहा-साडेदहावर धडधाकट राहील. मात्र नवराही वाहक असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी की मूल मेजर निघेल, ज्याला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. “आणि हे आईकडून किंवा बापाकडून आलंय. दोघंही तपासून घ्या,” डॉक्टर म्हणाले.

आमचं दोघांचं रक्त द्यायला चाचांकडे जाताना मी बायकोला जिन्यावर म्हणालो, “देवगावला कळवावं लागेल.”

“कळवू की,” ती म्हणाली.

आमच्या निकालाच्या दिवशी चाचांनी मला बोलावून डोळा लावायला सांगितलं. दोन मिनिटं पापणीचे केसच दिसले. मग गुलाबी मैदान दिसलं आणि त्यावर लहान लहान फिक्या बांगड्या, आणि बांगड्यांत टिकल्या. “हे मुलीचं?” मी विचारलं.

“तुमचं.”

बायकोच्या पेशी मेदूवडे निघाल्या. एकजात. घरी दारात चप्पल काढताना ती म्हणाली, “कुठं कुठं कळवायचंय, यादी करा. तुमच्याकडच्या.” पोळ्या त्या दिवशी मी लाटल्या. लहान झाल्या, आणि कमीही.

आता मी नऊ दिवस काय केलं ते. फुलंब्रीला सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. पत्रिका छापायला गेल्या होत्या. आमच्याकडे मुलीच्या रक्तात काहीतरी आहे एवढी कुणकुण लागली तरी सोयरीक मोडते. मग पुढचं कोण ऐकून घेतंय? मी कागदावर मांडलं. मुलगाही वाहक असण्याची शक्यता कमी. त्याला चारनं भागलं की आणखी कमी. इतक्या कमी शक्यतेसाठी आत्ताच बोलायची गरज नाही, लग्नानंतर सावकाश सांगू, असं उत्तर माझ्या बेरजेतून सुरेख निघत होतं. तो कागद घेऊन मी दोनदा चाचांकडे गेलो.

“तुम्ही काय म्हणता?”

“मी आकार सांगतो,” चाचा म्हणाले आणि पाच बटणांचं यंत्र उगाच टकटक वाजवत बसले. दुसऱ्या वेळी एवढंच म्हणाले, “साहेब, ह्या कागदाची खालची बाजू कापू नका.”

खालची बाजू कोरी होती. घरी येऊन मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो. तिथं काय लिहायचं राहिलंय ते मला माहीत होतं. शक्यता कमी असेल, पण ती माझ्या मुलीच्या पोटची होती, आणि मुलीला विचारल्याशिवाय मी ती चारनं भागत होतो.

रविवारी मी आणि बायको फुलंब्रीला गेलो. मी चार चौकोनांचा तक्ता काढून नेला होता. व्याह्यांनी तक्ता हातात घेतला, उलटसुलट केला आणि विहीणबाईंना म्हणाले, “मानपानाचा दिसतोय. हे बघ, चारच घरं धरलीत ह्यांनी. आपली भावकी सोळा घरांची हाय, पाव्हणं!”

“नाही हो, हे रक्ताचं आहे.”

“रक्ताचीच भावकी म्हणतोय मी.”

मी तक्ता सोडला. सगळं एका दमात सांगून टाकलं: मुलगी, मी, बांगड्या, टिकल्या, चारात एक. विहीणबाईंचा हात चहाच्या कपावर थांबला. तेवढ्यात आतून मुलगा आला आणि भिंतीला टेकून म्हणाला, “काका, मला माहितीय. तिनं सांगितलंय, आठ दिवस झाले. मी रक्तबी देऊन आलो. त्याच चाचांकडं.”

“कधी?” मी विचारलं.

“बुधवारी. रक्त देऊन आतल्या खोलीतून बाहेर आलो, तर तुम्ही चाचांशी बोलत होता, म्हणून पावती न घेताच खाली दुकानात थांबलो.”

म्हणजे मी भागाकार घेऊन बसलो होतो तेव्हा त्या पोराचं रक्त चाचांच्या टेबलावर, माझ्यापासून दोन हातांवर होतं, आणि चाचा टकटक करत होते.

विहीणबाई मुलाला म्हणाल्या, “अन् मला नाय सांगितलंस?”

“निकाल येऊ दे म्हटलं, आई.”

“अन् वंगाळ आला तर?”

“तर आम्ही दोघं डॉक्टरांकडं जाऊन इचारू, पुढं काय करता येतं ते. तिचं-माझं ठरलंय तसं.”

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. व्याह्यांनी तक्ता माझ्याकडे परत सरकवला. परतीच्या बसमध्ये मी तक्त्याची घडी घालत होतो, बायको खिडकीबाहेर बघत होती. “पोरगी तुमच्यावर गेली नाही,” ती म्हणाली. “रक्त सोडलं तर.”

निकाल मंगळवारी मिळणार होता. मी कारखान्यातून अर्धा दिवस सुटी घेतली, सव्वीस वर्षांतली अकरावी. मुलगी आता बँकेत नोकरीला होती, तिथून परस्पर आली. मुलगा कामावर अडकला होता. तिला सांगावं असं त्यानं चाचांना लिहून दिलं होतं, आणि चाचांनी ती चिठ्ठी दोनदा वाचून, दुबार पुस्तकात टाचून मगच तोंड उघडलं. मला बाहेर बसायला सांगितलं. मुलगी म्हणाली, “असू दे त्यांना.”

“ए-टू नॉर्मल,” चाचा म्हणाले. “अन् पट्टी मी बघितली. एक तास बघितली, बेटा. सगळ्या सारख्या. शेवटी कंटाळा आला.”

मुलीनं डोळे पुसले आणि ती हसली. काहीतरी केल्याशिवाय मला राहवेना, म्हणून मी पाकीट काढलं. “जावईबापूंच्या तपासणीचे किती?”

“त्यानं त्याचे दिले.”

“तरी पण, आमच्यामुळे—”

“साहेब, त्याचं रक्त त्याचं. तुमच्याकडं ज्याचं निघतं त्याचं द्या.”

“माझं निघतं,” मुलगी म्हणाली. “पप्पा, वहीत गोळ्या किती भरतात?”

“सहाशे बारा,” मी म्हणालो. मला बघावं लागलं नाही.

“गोळीमागं एक रुपया दंड.”

“मान्य.”

“पण एक सांगते. त्यातल्या निम्म्याअधिक मी बेसिनमध्ये टाकल्यात. मळमळायचं.”

म्हणजे गोळ्यांचा रकानाही खोटा. सव्वीस वर्षं हिशेब बघणारा माझा जीव कळवळला. मी म्हणालो, “मग दंड गिळलेल्या गोळ्यांचाच बसेल. टाकलेल्या किती त्याचा अंदाज काढू. महिनावार—”

“चाचा, तुम्ही सांगा,” मुलगी म्हणाली.

चाचांनी पाच बटणांचं यंत्र बाजूला सारलं. रोगाचं नावसुद्धा न सांगणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी निवाडा दिला. “तिनं गिळल्या का टाकल्या, ते तिचं. तुम्ही दिल्या किती, ते तुमचं.”

रुपये सहाशे बारा, रोख, मुलीला दिले. तिनं ते चाचांच्या टेबलावर दोनदा मोजून घेतले.